शिरवळच्या भाचेबाईंना, आवृत्ती बदलण्याआधी





भाचेबाईंच्या शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा पोस्टग्रेस डेटाबेस येत्या सुट्टीच्या रात्री आवृत्ती 13 वरून 17 वर न्यायचा, असं वरून फर्मान आलं आहे. फर्मान रास्त आहे. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी निघते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. 13 ची मुदत नोव्हेंबर 2025 मध्ये संपली. तेव्हा जावं की न जावं हा प्रश्न उरत नाही. मामाला काळजी आहे ती वेळ आलीच तर परत येण्याची.

रोजचा बॅकअप होतो, असं भाचेबाई कळवतात. तो ‘गिटलॅब’ कंपनीतही होत होता, निदान तशी समजूत होती. 31 जानेवारी 2017 च्या रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसायला घेतला. हात आवरेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअप उघडायला गेले, तर साठवणीची जागा रिकामी! डेटाबेस होता 9.6 चा आणि त्याचा डंप घ्यायला चालत होतं 9.2 चं पीजी_डंप. आपल्यापेक्षा नव्या आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप घ्यायला हे साधन साफ नकार देतं. तसा नकार दिला जात होता, त्याची खबर देणाऱ्या ईमेलही निघत होत्या. पण पलीकडचा मेल-सर्व्हर त्या परतवून लावत होता. शेवटी चाचणी-सर्व्हरसाठी सहा तासांपूर्वी घेतलेली डिस्कची प्रत कामी आली. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने हे सगळं जाहीर लिहिलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. एवढा मोकळेपणा आपल्याकडे कोणी दाखवला तर मामा पेढे वाटील.

तेव्हा भाचेबाईंनी जुन्या डेटाबेसचा डंप 17 च्या पीजी_डंपने घ्यावा आणि दुसऱ्या मशीनवर तो उघडून पाहावा. फाइल दिसते, आकार बरा वाटतो, एवढ्यावर समाधान मानू नये. टेबलांतल्या ओळी मोजाव्यात, महिन्याचा स्टॉक रिपोर्ट दोन्हीकडून काढून ताडून पाहावा. मुख्य म्हणजे घड्याळ लावावं. जुन्या आवृत्तीवर परतायचीही अशीच तालीम घ्यावी. डंप उघडायला पाच तास लागत असतील आणि काम थांबवायची परवानगी चार तासांची असेल, तर तो बॅकअप त्या रात्रीपुरता नसल्यात जमा. मामाचं ऐकायचं तर तयारीचा अर्धा वेळ इथेच घालवावा.

प्रत्यक्ष बदलासाठी पीजी_अपग्रेड आहे. त्याचा ‘चेक’ पर्याय काहीही न बदलता अडचणी सांगतो. ‘लिंक’ पर्याय मात्र मोहात पाडणारा. फायली कॉपी न करता जुन्या-नव्या दोघांत सामाईक होतात, म्हणून काम मिनिटांत उरकतं. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना सुरक्षितपणे वापरता येत नाही. डिस्कवर जागा असेल तर मुकाट्याने कॉपी करावी.

सेंटओएस 7 ची मुदत जून 2024 मध्ये संपल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच रात्री बदलून टाकू, असं कोणीतरी सुचवीलच. दोन्ही एका रात्रीत करू नये. लिनक्सच्या ‘जीलिबसी’ लायब्ररीच्या 2018 मधल्या 2.28 आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा नव्या सिस्टिमवर उचलून नेल्या तर मजकुराचे इंडेक्स राहतात जुन्या क्रमाने आणि शोध होतो नव्या क्रमाने. पुरवठादाराचं नाव टेबलात असतं, पण सापडत नाही. मग कारकून त्याचीच दुसरी नोंद करून मोकळा होतो. असा बदल झालाच तर रीइंडेक्स केल्याशिवाय कोणाला आत सोडू नये. डंप उघडताना इंडेक्स नव्यानेच बांधले जातात, तिथे ही भीती नाही.

साताऱ्याहून शिरवळकडे येताना खंबाटकीचा जुना बोगदा सुखरूप सुटतो. बदनाम आहे ते त्यापुढचं एस वळण. अपग्रेडचंही तसंच. आवृत्ती 18 च्या आधी पीजी_अपग्रेड टेबलांची आकडेवारी सोबत नेत नव्हतं. ती नसली की डेटाबेस अंदाजाने वाट निवडतो आणि सेकंदात येणारा रिपोर्ट ताटकळत ठेवतो. म्हणून लगेच अ‍ॅनलाइझ चालवावं. डेटा पोहोचला म्हणजे काम झालं, असं नव्हे. एप्रिल 2018 मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सुमारे 52 लाख ग्राहकांचा डेटा नव्या यंत्रणेवर नेला. डेटा नीट पोहोचला, यंत्रणा मात्र कोसळली. घडी बसायला डिसेंबर उजाडला आणि 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड झाला.

आता वेळेचं. नव्या डेटाबेसात पहिली खरी नोंद पडली की परतणं महाग होतं, कारण ती नोंद जुन्यात नसते. म्हणून गेटपास आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या तेवढा वेळ कागदावर फाडाव्यात. पहाटे अमुक वाजेपर्यंत रिपोर्ट जुळले नाहीत तर जुना सर्व्हर सुरू करायचा, हे वरिष्ठांच्या सहीनिशी आधीच ठरवून घ्यावं. त्या घटकेला ‘अजून अर्धा तास द्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

काम झाल्यावर पीजी_अपग्रेड जुना डेटा पुसणारी एक स्क्रिप्ट तयार करून ठेवतं. महिनाअखेरचा ताळा होऊन पुढच्या 20 तारखेचं जीएसटी विवरणपत्र भरून होईपर्यंत भाचेबाईंनी तिला हात लावू नये. तेवढे दिवस डिस्क भरलेली दिसली तरी दिसू द्यावी.

मामा