टोपलीतून उतरलेला प्रेषित



संकट दिसताच बाजूला होणे म्हणजे श्रद्धेत कमी पडणे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. संत पौलाचे जीवन मात्र वेगळे शिकवते.

दमास्कसमध्ये पौल निर्भयपणे ख्रिस्ताची घोषणा करीत होता. त्याला ठार मारण्याचा कट झाला. वेशींवर रात्रंदिवस पाळत होती. तेव्हा शिष्यांनी त्याला रात्री टोपलीत बसवून तटावरून खाली सोडले (प्रे. कृत्ये ९:२३-२५). पुढे करिंथकरांना लिहिताना पौलाने ही गोष्ट लपवली नाही (२ करिंथ ११:३२-३३).

अनेक वर्षांनंतर यरुशलेमेत बेड्या पडणार अशी स्पष्ट सूचना त्याला मिळाली. सोबत्यांनी रडून विनवले; तरी तो गेला (२१:१०-१४). पवित्र आत्माच त्याला तिकडे नेत होता. पण तेथेही त्याने शहाणपण सोडले नाही. फटके मारण्यासाठी बांधले तेव्हा त्याने आपले रोमन नागरिकत्व सांगितले (२२:२५). भाच्याने कटाची बातमी आणली तेव्हा त्याला लगेच सरदाराकडे धाडले (२३:१६-१७).

एकदा निसटला, एकदा सामोरा गेला, पौल तोच. ‘माझा जीव कसा वाचेल?’ एवढाच त्याचा प्रश्न नव्हता. ‘देव आता माझ्याकडून काय मागतो?’ हा त्याचा प्रश्न होता. यालाच ख्रिस्तसभा सुज्ञता म्हणते. ही सुज्ञता म्हणजे भित्रेपणा नव्हे आणि लबाडीही नव्हे. संत थॉमस अक्वायनस तिच्या तीन पायऱ्या सांगतात: सल्ला घेणे, योग्य निर्णय करणे आणि तो अमलात आणणे. तिसरी पायरी चुकली, तर पहिल्या दोन वाया जातात.

आता आपल्या घरांकडे पाहूया. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बहिणीला आपण सहज सांगतो, “हा तुझा क्रूस आहे, सहन कर.” पण प्रभूने कोणालाही मार खात राहण्याची आज्ञा दिलेली नाही. छळ झाल्यास दुसऱ्या गावी पळून जा, असे त्याने स्वतः शिष्यांना सांगितले (मत्तय १०:२३). अशा बहिणीने मुलांना घेऊन माहेरी जाणे, विश्वासू व्यक्तीला सांगणे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घेणे, हे पाप नाही. विवाह संस्काराचा तो अपमानही नाही. तीच तिची टोपली आहे.

आणि दोर धरणारे हात? ते आपले. भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकून “दुसऱ्याच्या घरात कशाला पडा?” असे म्हणणे ही सुज्ञता नव्हे, ती भीती आहे. दमास्कसच्या त्या शिष्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांनी दोर धरला म्हणून पौल पुढे जगभर जाऊ शकला.

चिंतनासाठी: या आठवड्यात माझ्या शेजारी कोणाला टोपलीची गरज आहे? मी दोर धरायला तयार आहे का?

हे पवित्र आत्म्या, आम्हाला सुज्ञ बुद्धी आणि धीट मन दे. आमेन.