आवाज वाढवणारे यंत्र

मुलांनो, घरात नवा अँप्लिफायर आला की तो लगेच लावावासा वाटतो. पण थोडे थांबा. आधी त्याचे काम समजून घ्या.

तुम्ही आकाशवाणीचे नांदेड केंद्र लावता. रेडिओकडून येणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. त्यावर मोठा स्पीकर वाजत नाही. अँप्लिफायरमधील ट्रान्झिस्टर त्या संकेताचे बळ वाढवतात. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेत लागला.

जोडणी करताना प्लग काढून ठेवा. स्पीकरची अधिक तार अधिकला आणि उणे तार उणेला जोडा. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि ढोलकीचा जाड आवाज हरवतो. दोन स्पीकर आणि तुमची बसण्याची जागा यांचा समभुज त्रिकोण करा. मग गायक मधोमध बसल्यासारखा वाटतो. नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. यंत्रातील गरम हवा बाहेर पडावी म्हणून त्याच्या जाळीवर कापड टाकू नका.

आवाज किती ठेवावा? २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारी कोणी दहावीचा अभ्यास करत असेल, कोणी आजारी असेल. शिवाय, फार मोठ्या आवाजाने कानातील नाजूक पेशी मेल्या, तर त्या पुन्हा तयार होत नाहीत. यंत्र दुरुस्त करता येते. गेलेले ऐकू येणे परत आणता येत नाही. म्हणून बटण शून्यावर ठेवूनच यंत्र सुरू करा.

शब्दार्थ : क्षीण – कमजोर, समभुज – तिन्ही बाजू सारख्या असलेला.