हार्टचा इलाज झालाय, आता जीवनविमा मिळेल का?



ऑफिसात हा प्रश्न आता वरचेवर येतो. "अँजिओप्लास्टी झालीय, आता आम्हाला विमा कोण देणार?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "जाऊ द्या, आपला मच्छीमार विमा तर आहेच ना." आपण सुरुवात या दुसऱ्या वाक्यापासून करू. खरा घोळ तिथेच आहे.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला जो विमा आहे, तो अपघात विमा आहे. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, आणि अपघातानंतर दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, आपल्या खिशातून काही जात नाही. योजना चांगलीच आहे, नदी-तलावावर मासेमारी करणाऱ्यांनाही लागू आहे. पण जाळं ओढताना छातीत कळ आली आणि माणूस नावेतच गेला, तर तो अपघात धरत नाहीत. तो आजाराने झालेला मृत्यू. वर्षाला २० रुपयेवाल्या सुरक्षा विमा योजनेचंही तेच. नर्मदेत नाव होती की ओरसंगमध्ये, कामावर होता की घरी, याने काही फरक पडत नाही. बाहेरून काही घडलं का, एवढंच बघतात.

इथे एक गोष्ट बायकांनी आणि मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. माणूस पाण्यात पडून गेला असेल आणि त्याला आधीचा हार्टचा त्रास असेल, तर बुडून गेला की अटॅकने गेला हा प्रश्न निघणारच. त्याचं उत्तर पोलीस नोंद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम देतं. "देहाची चिरफाड नको" म्हणून घाईने अग्नी दिला, तर खरोखर बुडून गेलेल्याचाही ५ लाखांचा क्लेम अडकतो. दुःखात हे सुचत नाही, म्हणून आधीच लिहितोय.

दुसरा गोंधळ आयुष्मान कार्डाचा. गुजरातमध्ये या कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंतचा इलाज मिळतो, स्टेंट आणि बायपासही त्यात होतात. पण ते पैसे दवाखान्याला जातात. माणूस गेल्यावर घरच्यांना त्यातून काही मिळत नाही. म्हणजे हार्टचा आजार असलेल्या घराला वेगळा जीवनविमा लागतोच.

आता मिळेल का? मिळतो, पण वाट बघून आणि कागद दाखवून.

सगळ्यात आधी घरात जुनी पॉलिसी आहे का ते बघा. इलाजाच्या आधी काढलेली पॉलिसी म्हणजे सोनं. ती चालू असेल तर नंतर स्टेंट बसला म्हणून कंपनी ती बंद करू शकत नाही, हप्ताही वाढवू शकत नाही. पण हप्ता चुकला की गणित बदलतं. महिन्याचा हप्ता असेल तर १५ दिवसांची सवलत असते, तिमाही, सहामाही, वार्षिक असेल तर ३० दिवसांची. त्यानंतर पॉलिसी लॅप्स. पुन्हा चालू करायला साधारण ५ वर्षांची मुदत असते, पण तेव्हा तब्येतीचा जाहीरनामा लिहून द्यावा लागतो आणि त्यात स्टेंट लिहावाच लागतो. मग कंपनी नाही म्हणू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद, हातात पैसा नाही, आणि नेमका तेव्हाच हप्ता येतो. ज्यांना जमेल त्यांनी हप्त्याचे पैसे उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवावेत. जाळ्याची उधारी दुकानदार थांबवेल, पॉलिसी थांबत नाही.

जुनी पॉलिसी नसेल तर जीवन ज्योती विमा योजना बघावी. वर्षाला ४३६ रुपये, मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख, वैद्यकीय तपासणी नाही. बँक किंवा पोस्टात खातं लागतं. नाव घालायचं वय १८ ते ५०, एकदा आत गेलात की ५५ पर्यंत चालते. नाव घातल्यापासून पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचेच पैसे मिळतात, हार्टचा मृत्यू त्या दिवसांत धरत नाहीत. फॉर्मवरचा जाहीरनामा वाचूनच सही करा. पैसे दरवर्षी मेअखेर खात्यातून आपोआप कापतात. खात्यात ४३६ नसतील तर विमा बंद, आणि पुन्हा नाव घातलं की ते ३० दिवस पुन्हा सुरू. ४८-४९ वर्षांच्या सभासदांनो, पन्नाशी उलटली की हा दरवाजा बंद होतो.

दोन लाखांत नावेचं कर्ज आणि घर दोन्ही भागत नाही हे आम्हालाही कळतं. मोठ्या रकमेसाठी नेहमीची पॉलिसीच लागेल. तिथे कंपनी डॉक्टरी कागद मागते. इलाज झाल्या झाल्या अर्ज केला तर बहुतेक "थांबा" असंच उत्तर येतं. सहा महिने, कुठे वर्ष, कुठे त्याहून जास्त, प्रत्येक कंपनीचं वेगळं. हा नकार नाही, पुढे ढकलणं आहे. मग ते काय बघतात? किती नळ्यांमध्ये ब्लॉकेज होतं, अटॅक येऊन गेला होता की आधीच पकडलं, आणि इकोच्या रिपोर्टमधला ईएफचा आकडा. हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो हा आकडा, निरोगी माणसात साधारण ५५ ते ७०. शिवाय साखर, बीपी, वजन, आणि तंबाखू. विडी, गुटखा, मावा सगळं तंबाखूतच मोजतात. लहानपणी हृदयातलं भोक बंद केलेलं आणि आता तब्येत ठणठणीत, अशा मुलांचा विचार बायपासवाल्यापेक्षा सोप्या अटींवर होऊ शकतो, त्यांनी आधीच हार मानू नये.

कंपनी हो म्हणाली तर बहुधा जादा हप्ता लावते. समजा निरोगी माणसाला १० हजार लागतात आणि तुम्हाला ५० टक्के जादा लावले, तर १५ हजार भरायचे. महाग वाटेल. परवडत नसेल तर विम्याची रक्कम कमी करा, पण आजार लपवून हप्ता कमी करायला जाऊ नका. एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारता येतं, फक्त पुढच्या फॉर्मवर "आधी नकार मिळाला होता का" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. पॉलिसी हातात आल्यावर वाचायला ३० दिवस असतात. अटी पटल्या नाहीत तर त्या मुदतीत परत करता येते.

आता लपवण्याबद्दल. "काका, स्टेंटचं लिहू नका, तीन वर्षं काढा, मग कोणी विचारत नाही," असं सांगणारे भेटतात. यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते घातक आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, ३ वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनी पॉलिसीवर कुठल्याच कारणाने हरकत घेऊ शकत नाही. पण लॅप्स पॉलिसी पुन्हा चालू केली तर ही ३ वर्षं तिथून परत मोजतात. आणि हार्टच्या पेशंटने ती ३ वर्षं निघतीलच यावर पैज लावायची? त्या मुदतीत माणूस गेला तर कंपनी दवाखान्याचे कागद काढते. कार्डावर इलाज झाला असेल तर नोंद असतेच. मग विम्याची रक्कम गेली. फसवणूक नसून नुसती चुकीची माहिती ठरली, तर भरलेले हप्ते तेवढे ९० दिवसांत परत मिळतात. फसवणूक ठरली तर त्यांचाही भरवसा नाही.

"फॉर्म एजंटने भरला, मला इंग्रजी येत नाही" हे कोर्टात सहसा चालत नाही. २०१९ च्या एका निकालात माणसाने दुसऱ्या कंपनीची ११ लाखांची पॉलिसी फॉर्मवर लिहिली नव्हती. सुप्रीम कोर्टाने नकार कायम ठेवला आणि न वाचता सही केली म्हणून सुटका होत नाही असं सांगितलं. आपल्यातल्या बऱ्याच घरांत बोलणं मराठी, शाळा गुजराती, आणि फॉर्म इंग्रजी. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. फॉर्म तुमच्या भाषेत वाचून दाखवला असं लिहायची जागा त्यात असते, तिथली सही खरोखर वाचून घेतल्यावरच करा. भरलेल्या फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नावेच्या कर्जासोबत बँक जो विमा देते, त्यातही तब्येतीचा जाहीरनामा असू शकतो. तिथे कर्जाच्या घाईत सगळ्यात जास्त डोळे झाकून सह्या होतात.

उलटी बाजूही सांगतो. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट राहिली म्हणून कंपनीला पैसे नाकारता येत नाहीत. ५ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने एका मराठी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. पॉलिसीवाला हार्ट अटॅकने गेला होता, आणि आयुर्विमा महामंडळाचं म्हणणं होतं की त्याने मणक्याचं दुखणं लपवलं. कोर्ट म्हणालं, त्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही आणि तो जिवावरचा आजारही नाही, पैसे द्या. स्टेंट लपवणाऱ्याने मात्र या निकालावर आशा ठेवू नये.

खरं लिहूनही क्लेम नाकारला गेला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. गुजरातसाठी त्यांचं ऑफिस अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते बघतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे.

फॉर्म भरण्याआधी कोणाला दाखवून घ्यायचा असेल तर संस्थेत या. येताना डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, अलीकडचा इको आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. जुनी पॉलिसी असेल तर तीही, लॅप्स झालेली असली तरी.