कमी ओढीचे धनुष्य आणि हरिणाची शिकार

वाराणसीचा राजा घाट पेशवे घराण्यातील अमृतरावांच्या नावाशी जोडला गेलेला आहे. या घाटापासून दहा-बारा किलोमीटरांवर, शहराच्या उत्तरेस, सारनाथ आहे. तेथील रानाला प्राचीन काळी मृगदाव, म्हणजे हरिणांचे रान, असे म्हणत. जातककथांमध्ये वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाची आणि न्यग्रोध नावाच्या मृगराजाची जी कथा आहे, ती परंपरेने याच रानाशी निगडित मानली जाते. राजाला रोज हरिणाचे मांस लागे. पुढे हरिणांनी आपसांत ठरविले की, दररोज एकाने पाळीप्रमाणे स्वतःहून मरणास सामोरे जावे. एका गाभण हरिणीची पाळी आली तेव्हा तिच्याऐवजी न्यग्रोध स्वतः गेला आणि राजाचे मन पालटले, हा कथेचा शेवट सर्वांच्या लक्षात राहतो. परंतु हरिणांनी ही पाळी मुळात का स्वीकारली, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. धनुष्य दिसताच कळप उधळत असे. बाण भलत्याच जागी लागत. आणि एका हरिणाच्या मांसासाठी अनेक हरिणे घायाळ होऊन तडफडत मरत. मरणापेक्षा त्यांना जखमांचे भय अधिक होते.

हलके धनुष्य घेऊन हरिणाची शिकार करू पाहणाऱ्यापुढे आजही नेमका हाच प्रश्न असतो. बाण हरिणापर्यंत पोहोचेल काय, हा प्रश्न सोपा आहे. बाण बहुधा पोहोचतोच. पोहोचल्यावर तो काही क्षणांत प्राण घेईल, की जनावराला दोन दिवस रानात रक्त गाळीत फिरावयास लावील, हा खरा प्रश्न होय.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. भारतात अशी शिकार करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली असून, त्या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९६३ च्या हरिणविषयक कायद्याने बाणाला मनाई झाली. अमेरिकेतील संस्थानांत आणि डेन्मार्कसारख्या काही देशांत मात्र परवाना घेऊन धनुष्याने हरिण मारण्याची मुभा आहे. पुढील विवेचन त्या देशांतील शिकाऱ्याला धरून केले आहे; त्यातील यंत्रशास्त्र मात्र कोणत्याही मैदानावरील तिरंदाजाला तितकेच लागू पडते.

धनुष्याची ‘ओढ’ म्हणजे दोरी मागे खेचताना हाताला जास्तीत जास्त जेवढा जोर लावावा लागतो तो. ही ओढ जगभर पौंडांत सांगतात. चाळीस पौंड ओढीचे धनुष्य म्हणजे सुमारे १८ किलोग्रॅम वजन उचलण्याइतका जोर मागणारे धनुष्य. शिकारी धनुष्यांत साठ-सत्तर पौंडांची ओढ नेहमीची समजली जाते. त्या मानाने चाळीस किंवा त्याहून कमी ओढीचे धनुष्य हलके ठरते. लहान चणीची माणसे, पुष्कळशा स्त्रिया, किशोरवयीन मुले आणि खांद्याला दुखापत झालेले लोक यांना हलके धनुष्य घ्यावे लागते.

साध्या धनुष्यात दोरी जसजशी मागे येते तसतसा जोर वाढत जातो आणि नेम धरण्याच्या क्षणी तो सर्वांत अधिक असतो. म्हणजे ज्या वेळी हात स्थिर हवा, त्याच वेळी तो थरथरू लागतो. अमेरिकेतील मिसूरी संस्थानात राहणाऱ्या होलिस विल्बर ॲलन याने या अडचणीवर उपाय शोधला. त्याने १९६६ साली एकस्वासाठी अर्ज केला व १९६९ साली ते त्याला मिळाले. त्याने धनुष्याच्या दोन्ही बाहूंच्या टोकांना चाके बसविली, पण त्यांचा आस मध्यभागी न ठेवता एका बाजूला सरकविला. दाराला बिजागरीजवळ रेटले तर फार जोर लागतो. कडीजवळ रेटले तर ते सहज लोटले जाते. आस बाजूला असलेल्या चाकाचेही तसेच होते. चाक फिरताना दोरीचे आसापासूनचे अंतर बदलत जाते, त्यामुळे आरंभी जोर झपाट्याने वाढतो, काही काळ टिकतो आणि शेवटी एकदम उतरतो. ओढ चाळीस पौंडांची असली तरी नेम धरून उभे राहताना हातावर आठ-दहा पौंडच उरतात. हेच कंपाउंड धनुष्य.

या रचनेचा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. दोरी किती मागे आली आणि किती जोर लागला यांचा आलेख काढला, तर आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. साध्या धनुष्याचा आलेख सरळ चढणीसारखा असतो. कंपाउंड धनुष्याचा पाचगणीच्या पठारासारखा, दोन्हीकडे उतार आणि मध्ये सपाटी. शिखराची उंची एकच असली तरी पठाराखाली क्षेत्रफळ अधिक मावते. चाळीस पौंडांचे साधे धनुष्य अर्धा मीटर खेचले तर त्यात सुमारे ४५ जूल ऊर्जा साठते; तेवढ्याच ओढीच्या कंपाउंड धनुष्यात सुमारे ६४ जूल. यातील काही भाग बाहू व दोरी यांच्या हालचालीतच खर्च होतो. तो वजा जाता २६ ग्रॅमच्या बाणाला पहिल्यापासून सुमारे ३१ जूल मिळतात व तो सेकंदाला ४९ मीटर वेगाने सुटतो. दुसऱ्यापासून सुमारे ५१ जूल मिळतात व वेग ६३ मीटरच्या आसपास जातो. धनुष्याच्या घडणीप्रमाणे हे आकडे थोडे कमीअधिक होतील.

यावरून नुसत्या ओढीवर विसंबणारा नियम किती अपुरा आहे हे ध्यानात येईल. अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानात किमान ३५ पौंड ओढ लागते, मिनेसोटात ३० पौंड. डेन्मार्कने बाणाची ऊर्जाच मोजावयास लावली असून, वीस-पंचवीस किलोग्रॅम वजनाच्या रो जातीच्या लहान हरिणासाठी किमान ४० जूल आवश्यक ठरविले आहेत. डेन्मार्कची रीत अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. वरील उदाहरणातील दोन्ही धनुष्ये चाळीस पौंडांची आहेत; पण डॅनिश कसोटीला त्यांतील एकच उतरते.

आणि तेही प्रत्येकाच्या हातात उतरेल असे नाही. दोरी किती मागे येणार हे माणसाच्या हातांच्या लांबीवर ठरते. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे व त्याला अडीचने भागावे, असा ढोबळ हिशेब आहे. ज्याच्या पसरलेल्या हातांचे अंतर दीड मीटर, त्याची ओढीची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर भरते. अशा माणसाच्या हातात दोरीचा प्रत्यक्ष प्रवास अर्ध्या मीटरऐवजी चाळीस सेंटिमीटरच होतो आणि बाणाची ऊर्जा ५१ जूलवरून ४१ जूलवर येते. लहान चणीच्या माणसाची हानी अशी दुहेरी होते: त्याला ओढही कमी पेलते आणि लांबीही कमी मिळते. म्हणूनच दुकानातील चिठ्ठीवर छापलेला वेग त्याच्या कामाचा नसतो. तो लांब हातांच्या माणसाच्या मापाने, हलका बाण लावून काढलेला असतो.

ही तूट भरून काढण्यासाठी नवशिके हलका बाण निवडतात. येथे ते फसतात. हलका बाण वेगाने जातो खरा, परंतु धनुष्यातील ऊर्जा पुरती घेत नाही आणि शरीरात शिरल्यावर लवकर थांबतो. जड बाण हळू जातो, पण आपला रेट टिकवून ठेवतो. दगड आणि तितक्याच आकाराचा चेंडू चिखलात फेकून पाहिल्यास हा फरक समजेल. फाळाचेही तसेच आहे. आघातानंतर उघडणारे फाळ मिळतात, परंतु ते उघडण्यातच काही ऊर्जा खर्च होते. हलक्या धनुष्याला अरुंद, घट्ट बसविलेला आणि वस्तऱ्यासारखी धार असलेला फाळच योग्य. बाण गोळीप्रमाणे धक्क्याने मारीत नाही. तो कापतो, आणि रक्तस्रावाने प्राण जातो. बोथट फाळ शिकाऱ्याच्या हलगर्जीपणाचा पुरावा होय.

आता अंतराचा विचार करू. सेकंदाला ६३ मीटर वेगाचा बाण वीस मीटर जाईपर्यंत जवळजवळ अर्धा मीटर खाली येतो. नेमाची खूण ही घट धरूनच बसविलेली असते. समजा, हरिण वीस मीटरांवर आहे असे शिकाऱ्याला वाटले, पण ते होते तेवीस मीटरांवर. तीन मीटरांच्या या चुकीमुळे बाण साडेआठ सेंटिमीटर खाली लागेल. वेग ४९ मीटर असता तर तो चौदा सेंटिमीटर खाली लागला असता. हृदय व फुप्फुसे यांची जागा साधारण ताटलीएवढी. तिच्या मध्यापासून चौदा सेंटिमीटर खाली म्हणजे बरगड्यांच्या खालची कातडी किंवा पाय. याखेरीज दोरीचा आवाज बाणाच्या पाचपट वेगाने धावतो. दचकलेले हरिण उडी घेण्यापूर्वी पाय दुमडून खाली दबते, आणि बाण येईपर्यंत जागा बदललेली असते. म्हणून हलक्या धनुष्याच्या शिकाऱ्याने वीस मीटरांपलीकडे बाण सोडूच नये आणि हरिण बाजूने उभे असतानाच सोडावा. समोरून छातीचे हाड आणि खांद्याचे हाड आडवे येते. ते भेदण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नसते.

मग किती ओढीचे धनुष्य घ्यावे? परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसावे, दोन्ही पाय जमिनीवरून उचलावे, धनुष्य आडव्या रेषेत समोर धरावे आणि दोरी सरळ मागे आणावी. धनुष्य आकाशाकडे उंचावून, अंगाला हिसका देऊनच दोरी मागे येत असेल, तर ते धनुष्य जड आहे. रानात थंडीने आखडलेल्या हातांनी, हरिणाच्या नजरेसमोर असा हिसका देता येत नाही. बहुतेक कंपाउंड धनुष्यांत बाहूंच्या मुळाशी असलेले मळसूत्र पिळून ओढ कमीजास्त करता येते. तेव्हा पेलेल तेथून आरंभ करून काही महिन्यांनी दोन-दोन पौंड वाढविणे हिताचे. बाण न लावता दोरी मात्र कधीही सोडू नये. सारी ऊर्जा धनुष्यातच राहून बाहू फुटण्याचा संभव असतो.

महाराष्ट्रात या धनुष्याने कागदी लक्ष्यावर मोठे यश मिळविले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात विजेती झाली, आणि त्याच दिवशी साताऱ्यात शिक्षण घेतलेल्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचे अजिंक्यपद पटकाविले. या स्पर्धांत ओढीवर मर्यादा आहे, पण ती वरची: साठ पौंडांहून अधिक ओढ चालत नाही. खालची मर्यादा नियमात नाही. लक्ष्य पन्नास मीटरांवर असते, त्याच्या मध्यावरील दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचे असते, आणि बाण त्याच्या बाहेर लागला तर एक गुण जातो.