रक्ती हगवण : जंताचे औषध का चालले नाही?



मागील पावसाळ्यात सातपुड्यातील एका पाड्यावर, आपल्या मदतीतून दिलेली पिल्ले महिन्याची होताच पंख पाडून बसू लागली. विष्ठेत रक्त दिसले. मी घाईने जंताचे औषध पाजले. पिल्ले मरतच राहिली. चूक माझी होती.

पशुवैद्यांनी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. हा जंत नव्हता. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी होता. त्यावर जंतनाशक चालत नाही. त्यांच्या सल्ल्याने पिण्याच्या पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम दिले. उरलेली पिल्ले वाचली.

विष्ठेतून पडलेली याची बीजे ऊब आणि ओल मिळताच एक-दोन दिवसांत रोग पसरवू शकतात. साध्या जंतुनाशकाने ती मरत नाहीत. म्हणून खुराड्यातले तूस कोरडे ठेवावे, ओले काढून टाकावे, पाण्याचे भांडे थोडे उंचावर ठेवावे आणि पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवावीत. करडांनाही अशी हगवण होते. पण तिचा परजीवी निराळा. कोंबडीची करडाला लागत नाही.

आता त्या पाड्यावरची मावशी रोज सकाळी तूस मुठीत दाबून पाहते. गोळा झाला, तर ते बदलते. पिल्लांबरोबर हा धडाही आम्ही देऊ लागलो आहोत.