खात्याखात्यांतील भिंती आणि कारखान्याची बरकत

कळंबा रस्त्यावरील शासकीय आय.टी.आय.मधून टर्नर, फिटर, मशिनिस्ट होऊन आपल्या भागातील मुले शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जातात. नोकरी लागली की मुलाला एक खाते मिळते आणि पुढे वर्षानुवर्षे त्याचे जग तेवढेच राहते. एका खात्याला कळलेले दुसऱ्या खात्याला कळले, तर कारखान्याचा धंदा खरोखर सुधारतो काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. मोठ्या कंपन्यांत एकेक विभाग म्हणजे स्वतंत्र कारखानाच असतो. तेथे तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो.

ओतकामाचे उदाहरण घेऊ. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली, किंवा वाफ निघून जाण्यास वाट ठेवली नाही, की वायू धातूत अडकतो व कास्टिंगच्या कातडीखाली पोकळी राहते. फाउंड्रीत माल चांगलाच दिसतो. दोन-तीन मिलिमीटर कातल्यावर मशीन शॉपमध्ये भोके उघडी पडतात. म्हणजे चूक एका खात्यात होते आणि ती दिसते दुसऱ्या खात्यात, तीही कित्येक दिवसांनी. तोवर त्याच वाळूत आणखी शेकडो नग ओतून झालेले असतात. रिजेक्ट माल पुन्हा भट्टीत जातो व त्याबरोबर पुरावाही वितळतो.

आम्ही एका कारखान्यात मशीनवर असताना हेच झाले. भोके नेहमी एकाच बाजूला येत होती. शेजारच्या ऑपरेटरने ते ओळखून सुपरवायझरना सांगितले. "तू तुझं काम बघ," एवढेच उत्तर मिळाले. दोन महिने दोन्ही खाती एकमेकांस दोष देणारे कागद पाठवीत राहिली. शेवटी चहाच्या गाड्यावर एका वयस्क मोल्डरला त्याने तो नग दाखविला. मोल्डरने भोकांवर बोट फिरविले व म्हणाला, "नव्या पोरानं हितं व्हेंट मारलेलं न्हाई." दुसऱ्या दिवसापासून रिजेक्शन उतरले.

असे का होते, याचा शोध गॅब्रिएल झुलान्स्की या अभ्यासकाने १९९६ साली प्रसिद्ध केला. आठ कंपन्यांत एका विभागातील चांगली पद्धत दुसरीकडे नेण्याचे १२२ प्रयत्न त्यांनी तपासले. लोक आप्पलपोटे असतात म्हणून ज्ञान अडते, असा सर्वसाधारण समज. त्यांना मुख्य अडथळे वेगळेच आढळले: घेणाऱ्याची समजून घेण्याची तयारी नसणे, पद्धत नेमकी कशामुळे यशस्वी झाली हे देणाऱ्यालाही न उमगणे, आणि दोघांतील ताणलेले संबंध.

मग सगळे लिहून ठेवले की झाले काय? तसेही नाही. मार्टीन हास व मॉर्टेन हॅन्सन यांनी २००५ साली एका मोठ्या सल्लागार कंपनीतील १८२ पथकांचा अभ्यास मांडला. ही पथके नवी कामे मिळविण्यासाठी धडपडत होती. कंपनीतील साठवलेल्या ज्ञानाचा अधिक वापर करून अनुभवी पथकांचा उलट तोटाच झाल्याचे दिसले. जुने कागद चाळण्यातही वेळ जातो, हे आपण विसरतो.

आपल्याकडे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढले, ते मुळात कारखान्याची माहिती देणारे पत्रक होते. पुढे त्याचे नामांकित मासिक झाले, तो विषय वेगळा. परंतु छापलेले पत्रक चहाच्या गाड्याची जागा घेऊ शकत नाही, असे आमचे मत आहे. प्रत्येक कास्टिंगवर ओतल्याची तारीख व हीट नंबर उठवावा, आणि आठवड्यातून अर्धा तास मशीनवाल्याने खराब नग घेऊन मोल्डरकडे जावे. खर्च जवळजवळ काहीच नाही.

अडचण दुसरीच आहे. आमच्या कारखान्यात त्या सुधारणेचा रिपोर्ट झाला, त्यावर साहेबांचे नाव आले. ऑपरेटरचे नाही, मोल्डरचेही नाही. मोल्डर कंत्राटावर होता. दिवाळीनंतर त्याला पुन्हा बोलावले नाही. पुढच्या वेळी भोके दिसली तेव्हा त्या ऑपरेटरने नग मुकाट्याने रिजेक्शनच्या पेटीत टाकला.