वाचकांचे प्रश्न : घरासमोरच्या खाडीत जेटी बांधता येईल का?

प्रश्न : दाभोळ खाडीच्या काठी आमचं वडिलोपार्जित घर आणि बाग आहे. सातबारा वडिलांच्या नावावर आहे. परसातून खाडीत उतरणाऱ्या जांभ्याच्या जुन्या पायऱ्या आहेत, पण ओहोटीला त्या चिखलात संपतात. तिथे काँक्रीटची छोटी जेटी बांधून घरची होडी लावावी, पुढे होमस्टेच्या पाहुण्यांना खाडीत फिरवावं, असा विचार आहे. ठेकेदार म्हणतो, "आपल्याच जागेत बांधायला परवानगी कशाला?" शेजारच्या वाडीतले मच्छीमार मात्र नाराज आहेत. जेटी बांधता येईल का? बांधलीच तर तिची देखभाल कशी करावी?

उत्तर : ठेकेदाराला अजून आगाऊ रक्कम दिली नसेल, तर देऊ नका. त्याचं म्हणणं मुळातच चुकीचं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे समुद्राचा आणि खाड्यांचा भरतीच्या रेषेखालचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा आहे. तुमचा सातबारा त्या रेषेपाशी संपतो. जेटीचे खांब जिथे रोवायचे, ती जागा तुमची नाही. विनापरवाना बांधकाम झालं, तर कलम ५० खाली जिल्हाधिकारी ते अतिक्रमण म्हणून हटवू शकतात आणि त्याचा खर्चही तुमच्याकडून वसूल होतो.

दुसरा कायदा सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा. भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा २०१९ च्या अधिसूचनेत 'सीआरझेड-१ ब' मध्ये येतो आणि त्यापलीकडचं खाडीचं पाणी व तळ 'सीआरझेड-४ ब' मध्ये. या भागात जेटीला सरसकट बंदी नाही, पण पूर्वपरवानगीशिवाय एक खांबही उभा करता येत नाही. काठावरच्या तुमच्या जमिनीवरही निर्बंध आहेत. खाडीकाठचा नियंत्रित पट्टा २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा होता. २०१९ मध्ये तो ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी तेवढा झाला. जेटीच्या तोंडाशी शेड किंवा तिकीटखोली बांधायची झाली, तर हाच नियम आड येईल.

समोर तिवरं, चिपी असतील तर प्रश्न आणखी गंभीर होतो. कांदळवन 'सीआरझेड-१ अ' मध्ये मोडतं. त्याचं क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही त्याच वर्गात जातो. कांदळवनाचा नाश हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. जेटीला वाट हवी म्हणून एक झाडसुद्धा तोडू नका.

बांधायचंच ठरलं, तर क्रम असा ठेवा. आधी मान्य किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात तुमचा गट क्रमांक कुठे येतो ते पाहा. प्रस्तावासाठी अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणाचा, भरती-ओहोटीच्या रेषा दाखवणारा नकाशा लागतो. त्यानंतर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांना लेखी विचारा, कारण लहान बंदरं आणि त्यांच्या हद्दीतलं पाणी बोर्डाच्या अखत्यारीत आहे. सीआरझेडचा प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. पाहुण्यांकडून पैसे घेणार असाल, तर होडीची नोंदणी, तपासणी आणि प्रवासी परवाना या वेगळ्या बाबी आहेत. जेटीच्या परवानगीत त्या येत नाहीत.

जुन्या पायऱ्या १९ फेब्रुवारी १९९१ च्या, म्हणजे पहिल्या सीआरझेड अधिसूचनेच्या, आधीच्या असतील तर जुने फोटो, मोजणी नकाशा, ग्रामपंचायतीच्या नोंदी असे पुरावे जपून ठेवा. तरीही पायऱ्या लांबवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, ते नवं बांधकाम ठरतं. पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर उल्लंघनाचा दंड १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, आणि बांधकाम पाडावं लागण्याची शक्यता वेगळीच.

मच्छीमारांची नाराजी हलक्यात घेऊ नका. वाडीतल्या होड्या जिथून ये-जा करतात, जाळी जिथे लागतात, तिथे तुमचे खांब आले तर त्यांच्या रोजीरोटीवर गदा येते. गोव्यातल्या वायंगिणी किनाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व उचलून धरलं आणि लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे असा निकाल दिला. खाडी सगळ्यांची आहे, आणि परवानगी मिळाली तरी तुम्हाला मिळतो तो फक्त वापर.

आता देखभाल. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काँक्रीट रोज भिजतं आणि सुकतं. खारं पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही सळईपर्यंत पोचतात, म्हणून तिथे गंज सर्वांत लवकर धरतो. भारतीय मानक आयएस ४५६ अशा ठिकाणी सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम-४० प्रत आणि सळईवर ७५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगतं. घराच्या स्लॅबचं काँक्रीट इथे वापरू नका, आणि मिश्रणात खाडीचं पाणी किंवा खाडीची वाळू मुळीच नको. लाकूड वापरलंत तर खाऱ्या पाण्यातले जीव ते आतून पोखरतात, वरून मात्र ते शाबूत दिसतं. भरीव भिंतीची जेटी प्रवाह अडवते, एका बाजूला गाळ साठतो आणि दुसरीकडे शेजाऱ्याचा काठ खचतो. खांबांवरची मोकळी रचना त्यापेक्षा बरी. साठलेला गाळ काढायलाही परवानगी लागते. पावसाळा सरला की, मोठ्या ओहोटीला, खांबांना चिकटलेली कालवं खरवडून तडे आणि गंजाचे डाग तपासा. हा खर्च दरवर्षीचा आहे.

माझा स्पष्ट सल्ला असा की एका घराच्या एका होडीसाठी हा सगळा खटाटोप परवडत नाही. होडी वाडीच्या नेहमीच्या बंदरात नांगरा. तिथे उतरायची सोय अपुरी असेल, तर मच्छीमार सोसायटीला बरोबर घेऊन ग्रामसभेत सार्वजनिक जेटीचा ठराव मांडा आणि ग्रामपंचायतीमार्फत तो मेरिटाइम बोर्डाकडे पाठवा. त्या जेटीवर तुमचे पाहुणेही उतरतील आणि वाडीची मासळीही.